झाकली मूठ

ऊसतोडीचा हंगाम लागला की आमच्या माजलगाव तालुक्यातल्या कितीतरी वस्त्या ओस पडतात. कोयते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. लेकरं मागे राहतात. कुणी आजीपाशी, कुणी हंगामी वसतिगृहात. उन्हाळ्यापर्यंत त्या लेकरांची मायबाप संस्थाच. तिनं हयगय केली तर?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं उदाहरण घ्या. २०१९ साली तिथल्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीस आलं. या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी कळूनही पोलिसांना कळवलं नाही, असा आरोप होता. नागपूर खंडपीठानं त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला, पण २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला. ठाऊक असून न सांगणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुधा तो अपराध्याला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असं न्यायालयानं बजावलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. संस्थाचालकांना ही म्हण भारी प्रिय! पण २०१२ च्या पोक्सो कायद्यानं मूठ झाकणंच गुन्हा ठरवलं. हाताखालच्या माणसाचं कृत्य संस्थाप्रमुखानं कळवलं नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि वर दंड. २०१५ चा बाल न्याय कायदा आणखी पुढे जातो. मुलं सांभाळणाऱ्या संस्थेच्या माणसानंच क्रूरपणा केला, तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. आश्रमशाळा असो, मदरसा असो की बालगृह, कायदा पाटी वाचून सूट देत नाही.

तरीही २०२४ साली बदलापुरात काय झालं? शाळेवर गुन्हा का नोंदवला नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून विचारावं लागलं. लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. त्याच ऑगस्टमध्ये शासनानं आदेश काढला: महिनाभरात सीसीटीव्ही बसवा, नाहीतर अनुदान रोखू, परवानगी काढू.

इथे मला थोडं अडखळायला होतं. ऐन हंगामात वसतिगृहाला कुलूप लागलं, तर पोरं जाणार कुठे? आईच्या मागे उसाच्या फडात. मग शिक्षा कुणाला झाली? माझ्या मते दंड विश्वस्तांच्या खिशातून यावा, कैद त्यांनी भोगावी, आणि वसतिगृह मात्र दुसऱ्या हातांनी चालू राहावं.

वसतिगृहात भाकरी थापणाऱ्या बाईला पुष्कळदा सगळ्यात आधी कळतं. नोकरी जाईल, उलट आपल्यावरच बालंट येईल, म्हणून ती गप्प राहते. तिच्यासाठी सांगतो: १०९८ हा नंबर फुकट लागतो, आणि चांगल्या हेतूनं खबर देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कसलीच जबाबदारी येत नाही. पोक्सोच्या १९ व्या कलमात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.