गाळाचे बेट आणि आपला बांध

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गेल्या कार्तिकात मी मुलीकडे शांघायला राहून आलो, हे कळल्यावर चिटणिसांनी ‘प्रवासाच्या चार गोष्टी सांगा’ असा आग्रह धरला. शांघायच्या उंच इमारतींची चित्रे आपण सर्वांनी पाहिलेली आहेत. त्यामुळे त्या नगरीपासून जवळच असलेल्या, परंतु वृत्तीने फार दूर असलेल्या एका बेटाविषयी मी बोलणार आहे. त्याचे नाव चोंगमिंग.

यांगत्से नदी समुद्राला मिळते त्या मुखातच हे बेट पसरले आहे. क्षेत्रफळ बाराशे चौरस किलोमीटरांहून अधिक. पूर्वी तेथे बोटीनेच जावे लागे. 2009 साली नदीखालून सुमारे नऊ किलोमीटरांचा बोगदा आणि पुढे सुमारे दहा किलोमीटरांचा पूल झाला. त्या मार्गाने आम्ही मोटारीने गेलो. बोगद्यातून वर येऊन पुलावर चढताच दोन्ही बाजूंना गढूळ, पिवळट पाणी दिसू लागले. मुलगी म्हणाली, “अण्णा, हा समुद्र नव्हे, नदीच आहे.” माझा विश्वास बसेना.

या बेटाला खडकाचा आधार नाही. हिमाच्छादित पर्वतांपासून नदीने वाहून आणलेला गाळ मुखाशी साचत गेला आणि इसवी सन 618 च्या सुमारास वाळूचे दोन दांडे पाण्यावर आले, असे तेथील इतिहास सांगतो. नदी एका अंगाने भूमी देई आणि दुसऱ्या अंगाने गिळून टाकी. तेथील मुख्य नगर पाण्याने किनारा खाल्ल्यामुळे पाच वेळा हलवावे लागले. एवढे होऊनही लोकांनी बेट सोडले नाही. आज त्या नगरात कन्फ्यूशिअसचे जुने मंदिर असून तेथे आता संग्रहालय आहे. गुरूच्या स्मरणार्थ उभारलेल्या त्या वास्तूसमोर माझ्यासारख्या शिक्षकाचे हात आपोआप जोडले गेले.

नगर मागे पडले आणि शांतता सुरू झाली. सरळ रेषेत खणलेले कालवे, काठाला उंच झाडांच्या रांगा, कापणी झालेली भातशेते, अंगणात वाळत घातलेल्या भाज्या. मोटारीचा कर्णा नाही की ध्वनिक्षेपक नाही. पूर्वेच्या टोकाला दोंगतान नावाची दलदल आहे. तेथे बोरू फुलला होता आणि उत्तरेकडून आलेल्या पाणपक्ष्यांचे थवे उतरत होते. 2024 साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत या दलदलीचा समावेश झाला. तो निर्णय आपल्या नवी दिल्लीत भरलेल्या अधिवेशनात झाला, हे ऐकून मला विशेष आनंद वाटला.

एका घरासमोर पाणी पिण्यास थांबलो. सत्तरी ओलांडलेले पति-पत्नी अंगणात बसले होते. त्यांनी आम्हांस गरम पाणी आणि तांदळाच्या चिकट पिठाची वाफवलेली गोड वडी दिली. मुलीने दुभाष्याचे काम केले. त्यांचा मुलगा शांघायला नोकरीस, सून तेथलीच. “पूल झाल्यावर तो वरचेवर येऊ लागला असेल?” मी विचारले. वृद्ध गृहस्थ हसून म्हणाले, “पुलावरून जाणे सोपे झाले.” बंधुभगिनींनो, हे उत्तर मला समजावून घेण्यास दुभाष्याची गरज नव्हती.

निघण्यापूर्वी ते आम्हांस घरामागच्या बांधावर घेऊन गेले. 1950 साली हे बेट आजच्या निम्म्याएवढेच होते. पुढील दशकांत हजारो माणसांनी चिखलात उभे राहून, खांद्यावरून माती वाहून बांध घातले आणि शेतजमीन वाढविली. ते गृहस्थही कोवळ्या वयात त्या कामावर होते. अर्थात ते काम सरकारच्या हुकमाने झाले, सर्वच काही स्वखुशीने नव्हे, हे विसरता कामा नये. आता तर नदीवर मोठी धरणे झाल्यामुळे गाळही पूर्वीच्या निम्म्याहून कमी येतो. म्हणजे जे मिळवले ते राखणे हेच यापुढचे काम आहे. ते वृद्ध गृहस्थ आजही रोज सकाळी बांधावरून फेरी मारतात. कोणी सांगितले म्हणून नव्हे, सवय म्हणून.

तेथे उभा असताना मला आपल्या खाडीकाठची खारजमीन आठवली. आपल्या पूर्वजांनीही असेच बांध घातले होते. वैशाखात घरटी एक माणूस बांधावर जाई, उघाडीच्या फळ्या तपासल्या जात, मगच पावसाळा येई. पुढे आपण नोकऱ्यांनिमित्त मुंबईला आणि इतरत्र गेलो. एका वर्षी आमच्या बांधाला खांड पडली. धाकट्या बंधूंचे पत्र आले. मी उत्तरी लिहिले, ‘शाळेच्या परीक्षा आहेत, तू पाहून घे.’ त्यांना वाटले, थोरल्याने पाहावे. चुलत्यांना वाटले, दोघांनी पाहावे. दोन पावसाळ्यांत भरतीचे पाणी आत फिरले, आणि जेथे वडिलांनी भात पिकविले तेथे आज तिवरांचे रान आहे. ती तिवरे कायद्याने तोडता येत नाहीत, आणि तोडूही नयेत. ती जमीन गेली ती कायमची. यात दोष नदीचा नाही, सरकारचा नाही. जन्मभर मुलांना ‘एकीचे बळ’ शिकविणाऱ्या या शिक्षकाचा आहे.

परंतु वरच्या अंगाचा बांध अद्याप उभा आहे. त्यामागे आपल्याच ज्ञातीच्या अकरा घरांची शेते आहेत. उघाडीची फळी कुजली आहे, हे मी दिवाळीनंतर स्वतः पाहून आलो. येत्या वैशाखात त्या अकरा घरांतून प्रत्येकी एका माणसाने दोन दिवस गावी यावे, एवढीच माझी विनंती आहे. ज्यांना येणे शक्य नसेल त्यांनी मजुरी द्यावी. नव्या फळीचा खर्च मी देईन. माझे शेत त्यामागे नाही, म्हणूनच देईन.

आपला समाजही गाळाच्या बेटासारखा आहे. कणाकणाने जमला, आणि बांध राखला तरच टिकेल.