शिपाई
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं होतं की तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर दहा मिनिटं बोल. मी हो म्हणाले आणि तयारी वेगळीच करून आले. राग मानू नका. एआयचं जेवताना बोलू.

आपल्या शाळेची घंटा कोण द्यायचं ते आठवतंय ना? खाकी कपडे आणि पायात कायम पॉलिश केलेले बूट. तुम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचात. मी घरी आबा म्हणायचे आणि शाळेत काहीच म्हणायचे नाही. व्हरांड्यात समोरून आले तर मी पुस्तकात बघायचे. ते माझे वडील, हे तुम्हाला माहीत होतं. त्याआधीचं माहीत नव्हतं, कारण मी ते कोणाला कळू दिलं नाही.

शाळेत लागण्याआधी आबा १७ वर्षं फौजेत होते, ईएमईमध्ये. रणगाडे, तोफा, गाड्या दुरुस्त करणारं हे दल. १९७१ च्या डिसेंबरात ते पश्चिम सीमेवरच्या एका वर्कशॉपमध्ये होते. युद्धात काय केलं असं विचारलं की म्हणतात, "गाड्यांचे पाटे बदलले." एवढंच. त्यांचं गाव इंदापूर तालुक्यातलं, भीमेकाठचं. ते नोकरीवर असतानाच उजनीचं पाणी चढलं. एका रजेला ते गावातल्या घरून निघाले आणि पुढच्या रजेला आले तेव्हा घर पाण्याखाली होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते बघायला आपण सगळे जातो, फोटो काढतो. आबा एकदाही आले नाहीत.

हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आपल्या शाळेत शिपाई म्हणून लागले. मराठीत दोन्हीला शिपाईच म्हणतात, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

नववीत निबंध होता, "माझे वडील". मी लिहिलं, "माझे वडील नोकरी करतात व त्यांना शिस्त आवडते." बाकी पान आईवर भरलं. तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा शिक्षकखोलीतून वर्गात आणायचं काम आबांचं होतं. त्यांनी माझी वही उघडली का, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

२०२४ साली 'चंदू चॅम्पियन' लागला तेव्हा मी त्यांना दाखवायला नेलं. मुरलीकांत पेटकरांवरचा हा सिनेमा. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा माणूस ईएमईमधलाच, उत्तम बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यातली एक मणक्यापाशी कायमची राहिली आणि कमरेखालचं शरीर गेलं. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले. १९६८ ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला टेबल टेनिस खेळले. १९७२ ला जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहून ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक आणि विश्वविक्रम केला. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. मग काय केलं? पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. अर्जुन जीवनगौरव मिळाला २०२५ च्या जानेवारीत, वयाच्या ८० व्या वर्षी. आमच्या कामात एखादी तक्रार चार दिवस उघडी राहिली तरी वरून फोन येतात.

परत येताना मी आबांना म्हटलं, केवढा अन्याय! ते म्हणाले, "त्यांचं पदकामुळं कळलं तरी. टेल्कोत पाटी लावून थोडंच फिरतंय कोणी, मी असा होतो म्हणून."

मग भिगवण येईपर्यंत कोणी बोललं नाही.

आता एक व्यवहाराची गोष्ट, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात कोणी ना कोणी फौजेतून आलेलं आहे. दर नोव्हेंबरला आबांचा हयातीचा दाखला मी भरते. अंगठा यंत्रावर उमटत नाही. आयुष्यभर ग्रीस, पाने आणि नंतर घंटेचा दोर, रेषा राहिल्यात कुठे? मग मोबाइलवर चेहरा दाखवायचा. त्यात डोळे मिचकावायला सांगतात आणि आबा सावधानमध्ये बसतात, पापणी हलवत नाहीत. अर्धा तास जातो. असली यंत्रं बनवणाऱ्यांपैकीच मी एक, त्यामुळं चिडायचं कोणावर?

या खटपटीत त्यांचं डिस्चार्ज बुक मी पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात आईचं नाव माहेरचं होतं आणि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळत नव्हती. उद्या आबांना काही झालं असतं तर कुटुंब पेन्शनसाठी आईला दारोदार फिरावं लागलं असतं. दुरुस्ती झाली, वेळ लागला. ते स्वतः हयात असतानाच हे सोपं जातं. तुमच्या घरी वडील, काका, सासरे असतील तर आज घरी गेल्यावर ती ट्रंक उघडा. पत्नीचं नाव, तारीख, बँकेचं जोड खातं बघा. अडलं तर पुण्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. आणि मला फोन करा, फॉर्म भरण्यात आता माझा हात बसलाय.

त्याच ट्रंकेत दोन पदकं निघाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. शाळेच्या २६ जानेवारीला झेंड्याची गाठ बांधायचे आबा, ती मात्र कधी कुणी लावली नाहीत.

आबा आज आलेत. मी पुढची खुर्ची ठेवली होती, पण ते सवयीनं दाराजवळ बसलेत. तुम्ही त्यांना मामाच म्हणा, त्यांना ते आवडतं. मला या शाळेत त्यांना एकदा हाक मारायची राहिली आहे.

आबा, पुढं या.