तसबीहचा काळा मणी आणि समुद्रातील वस्ती

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आज मी आपणापुढे समुद्रातील एका जीवाविषयी बोलणार आहे. आपणांपैकी काहींना हसू येईल. परभणीपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे चारशे किलोमीटर दूर. आपल्या जिल्ह्यात पाणी म्हणजे गोदावरी, पूर्णा, दुधना आणि येलदरीचे धरण. आपल्या कित्येक मुलांनी समुद्र फक्त चित्रात पाहिला आहे. मग हा विषय इथे कशाला? त्याचे कारण असे, की हा जीव आपणांपैकी काहींच्या घरात, कपाटातल्या मखमली पिशवीत, आज कित्येक वर्षे पडून आहे.

काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गातील एका मुलीने मला एक तसबीह दाखवली. तेहतीस काळे मणी, मधूनमधून चांदीचे बारीक ठिपके. तिच्या दादीला हजहून परतलेल्या एका नातेवाइकाने ती दिली होती. मुलीने विचारले, "सर, हे लाकूड आहे की दगड?" मी मणी हातात घेतला. दगडापेक्षा हलका, प्लास्टिकपेक्षा जड. मी सांगून टाकले, "आबनूस असावे. लाकूड आहे." मुलगी म्हणाली, "पण दादी म्हणते, हे समुद्रातून येते. समुद्रात कुठे आबनुसाची झाडे असतात?"

मित्रहो, मी निरुत्तर झालो. तिची दादी कधी शाळेत गेली नव्हती आणि मी विज्ञानाचा शिक्षक. तरीही दादीचे बरोबर होते आणि माझे चूक. त्या तसबीहचा एक मणी आधीच फुटलेला होता. तो तुकडा आम्ही प्रयोगशाळेत भिंगाखाली पाहिला. तुटलेल्या बाजूवर झाडाच्या खोडात असतात तशी वर्तुळे दिसली, एकाबाहेर एक. तापवलेली सुई टेकवली, तेव्हा केस जळाल्यासारखा वास आला. प्लास्टिक असते तर वितळले असते. लाकूड असते तर लाकडाचा धूर आला असता. केस जळाल्याचा वास येतो तो प्रथिनाचा. म्हणजे ती वस्तू झाडाची नव्हती, दगडाची नव्हती. ती प्राण्याची होती.

हेच ते काळे प्रवाळ, म्हणजे काळे पोवळे. अरबीत त्याला 'युस्र' म्हणतात. लिहिताना हा शब्द सुलभता या अर्थाच्या शब्दासारखाच दिसतो. तांबड्या समुद्राच्या काठी, जिद्दा शहरात, युस्रच्या तसबीह घडवून त्यांत चांदी जडवण्याची जुनी कारागिरी होती. हाजी मंडळी ती भेट म्हणून देशोदेशी नेत. मोती आणि मरजान यांचा उल्लेख सूरह रहमानमध्ये आहे, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. मरजान म्हणून आपण ओळखतो ते तांबडे पोवळे अंगठीत बसवले जाते. काळे पोवळे त्याचे दूरचे भावंड म्हणावे लागेल.

आता हा जीव जगतो कसा ते पाहू. समुद्राच्या तळाशी खडकावर एक झुडूप उभे आहे अशी कल्पना करा. कोणते पिसासारखे, कोणते झाडूसारखे, कोणते नुसत्या तारेसारखे वळसे घेत गेलेले. त्याच्या प्रत्येक फांदीवर हजारो अतिसूक्ष्म प्राणी दाटीने बसलेले असतात. त्यांना बहुशुंडक किंवा पॉलिप म्हणतात. प्रत्येकाला एक तोंड आणि तोंडाभोवती सहा शुंडके. प्रवाहाबरोबर वाहत येणारे प्लवक, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसतील असे तरंगते जीव, ही शुंडके पकडतात. एकाने खाल्लेले सर्वांच्या कामी येते, कारण सगळे एकमेकांशी जोडलेले असतात. एकत्र कुटुंबच म्हणा.

हे सगळे मिळून आपल्याखाली एक आधार तयार करतात. साध्या पोवळ्याचा सांगाडा चुनखडीचा असतो. काळ्या पोवळ्याचा सांगाडा प्रथिन आणि कायटिन यांचा असतो. झुरळाच्या आणि खेकड्याच्या कवचात असते तेच कायटिन. त्यावर बारीक काटे असतात, म्हणून काही लोक त्याला काटेरी पोवळे म्हणतात. आणि एक गंमत लक्षात ठेवा: जिवंत असताना हे झुडूप काळे दिसतच नाही. ते पिवळे, नारिंगी, तांबूस, हिरवट, कधी पांढरेशुभ्रही असते. अंगावरचे जीव मेले आणि सांगाडा घासून पुसून चकचकीत केला, की काळा रंग वर येतो. म्हणजे आपण हातात धरतो तो त्या कुटुंबाच्या घराचा वासा असतो. घरातली माणसे केव्हाच गेलेली असतात.

साध्या पोवळ्याला ऊन लागते, कारण त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि ते उन्हात अन्न बनवते. आपल्या महाराष्ट्रातही अशी पोवळी आहेत. मालवणच्या किनाऱ्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात ती आहेत आणि 1987 मध्ये तेथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरहून अधिक आत, भर समुद्रात, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी भाग आहे. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे वीस मीटरवर असल्याने तिथवर ऊन पोचते आणि पोवळ्यांची बाग फुलते.

काळ्या पोवळ्याचा स्वभाव उलटा. त्याच्या बहुतेक जातींना उन्हाची गरज नाही. त्यांना हवा अंधार, कठीण खडक आणि वाहते पाणी. म्हणून ती बहुधा पन्नास मीटरच्या खाली आढळतात आणि काही तर आठ हजार मीटरहूनही खोल सापडली आहेत. न्यूझीलंडच्या नैर्ऋत्येकडील फियर्डलँड भागात मात्र ती पाच-दहा मीटरवरच दिसतात. असे का? तिथे पाऊस प्रचंड पडतो. जंगलातून वाहत येणारे पाणी पालापाचोळ्याच्या रंगाने चहासारखे तांबडे होते आणि खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते. या थरामुळे खाली दिवसाही सावली असते. काळ्या पोवळ्याला वाटते आपण खोल आहोत, आणि ते वर येऊन वस्ती करते.

वस्ती हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्या माळरानावर एकच वडाचे झाड असले, तर त्याच्या आश्रयाला किती जीव येतात! पाखरे, खारी, मुंग्या, सावलीला बसलेली गुरे आणि वाटसरू. समुद्राच्या उघड्या तळावर काळे पोवळे हे असेच झाड आहे. फियर्डलँडमध्येच त्याच्या फांद्यांना एक सर्पतारा विळखा घालून बसतो. दिवसा तो वेटोळे करून गप्प असतो. रात्री आपले लांब हात फांदीवरून फिरवतो आणि तिच्यावर साचलेला गाळ व चिकट द्रव खाऊन टाकतो. त्याला अन्न आणि आसरा मिळतो, पोवळ्याची साफसफाई होते.

तारेसारख्या पोवळ्यावर गोबी जातीचा एक इवलासा मासा राहतो, जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढा. पुष्कळदा एका तारेवर एकच जोडपे नांदते. अंडी घालण्यापूर्वी ते तारेच्या एका टप्प्यावरची साल काढून जागा मोकळी करते आणि तिथे अंडी चिकटवते. त्याच तारेवर तिच्याच रंगाचे झिंगे आणि खेकडे असतात. हलल्याशिवाय ओळखू येत नाहीत. लांब चोचीचा एक मासा आहे, अंगावर तांबड्या-पांढऱ्या चौकडीचे कापड पांघरल्यासारखा. तो तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरापर्यंत काळ्या पोवळ्याच्या फांद्यांत दडून बसतो आणि जवळून जाणारे बारीक जीव टिपतो. चौकडीमुळे फांद्यांच्या जाळीत तो दिसून येत नाही.

अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियाच्या समुद्रातून शास्त्रज्ञांनी काळ्या पोवळ्याचे एक मेलेले झुडूप वर काढले. उंची माणसापेक्षा थोडी अधिक. त्यावरचे जीव मोजले, तर अडीच हजारांहून जास्त भरले. मेलेल्या झाडावर एवढे. मग जिवंत झाड तोडून नेतो, तेव्हा आपण किती घरे मोडतो याचा विचार व्हावा.

आणि हे घर पुन्हा उभे राहण्यास किती काळ लागतो? हवाईच्या उथळ पाण्यातील एक जात उंचीने वर्षाला सहा-सात सेंटिमीटर वाढते. पोवळ्याच्या मानाने ही वाढ झपाट्याची. तरीही तिला पिलावळ होण्यास दहा-बारा वर्षे लागतात. खोल पाण्यातील जातींची गोष्टच वेगळी. हवाईच्या खोल समुद्रातील एका काळ्या पोवळ्याचे वय शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केले: सुमारे 4265 वर्षे. हडप्पा आणि मोहेंजोदडो ही नगरे गजबजलेली होती, तेव्हा हे पोवळे तळाशी रुजले होते. त्याच्या सांगाड्याची जाडी एका वर्षात केसाच्या जाडीएवढीसुद्धा वाढत नाही. मासेमारीचे तळ खरवडणारे जाळे त्यावरून एकदा फिरले, की चार हजार वर्षे पाच मिनिटांत संपतात.

हे ध्यानात घेऊनच 1981 पासून काळ्या पोवळ्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले. परवान्यावाचून ते एका देशातून दुसऱ्या देशात नेता येत नाही. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात 2001 मध्ये त्याचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण, ते या जीवाला. म्हणून पालकहो, माझी हात जोडून विनंती आहे. हज किंवा उमऱ्याला जाल तेव्हा युस्रची नवी तसबीह विकत आणू नका. उरुसाच्या बाजारात कोणी 'असली समुद्री' म्हणून काही पुढे केले, तर ते बहुधा प्लास्टिक असेल. आणि खरोखर असली असेल, तर ते घेणे गुन्हा ठरेल. घरात जुनी वस्तू असून शंका असेल, तर वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावे. कोणी त्याला रोग घालवणारा ताईत म्हणून विकत असेल तर तेही मानू नका. जुन्या ग्रीक लोकांचीही अशीच समजूत होती. पण मण्याने रोग बरा होत नाही, डॉक्टर आणि औषध लागते. जिक्रसाठी खजुराच्या बियांची तसबीह आहे, खंबायतचा अकीक आहे, चंदन आहे. आणि बोटांच्या पेरांवर मोजण्याची रीत तर आपल्याकडे पहिल्यापासून आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने तोच महत्त्वाचा.

ती आठवीतली मुलगी आता बारावी विज्ञानला आहे. तिला समुद्रातील जीवांचा अभ्यास करावयाचा आहे. तिचे अब्बा मला म्हणाले, "सर, कुठे समुद्र आणि कुठे परभणी! मुलीच्या जातीने एवढे लांब जाऊन काय करायचे?" मी त्यांना दोष देत नाही. काळजी बापालाच असते. पण मी त्यांना एका माणसाची हकीकत सांगितली, ती आपणांसही सांगतो.

डॉ. सय्यद ज़हूर क़ासिम यांचा जन्म 1926 साली अलाहाबादला झाला. तिथून समुद्र आपल्यापेक्षाही दूर. अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले, पुढे वेल्समध्ये बँगोरला जाऊन सागरी जीवशास्त्रात संशोधन केले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ते संचालक झाले. भारताची अंटार्क्टिकावरील पहिली मोहीम डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहून निघाली आणि जानेवारी 1982 मध्ये बर्फावर उतरली. तिचे नेते हेच क़ासिम. नंतर ते जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरूही होते. 2015 मध्ये त्यांचे निधन झाले. गंगेकाठचा मुलगा दक्षिण ध्रुवाच्या खंडावर पोचला, तर गोदाकाठच्या मुलीला गोवा किंवा कोची लांब का वाटावे? आणि तेही लांब वाटत असेल, तर मत्स्यविज्ञानाचे महाविद्यालय आपल्या मराठवाड्यातच उदगीरला आहे.

समुद्र आपल्यापासून खरोखर दूर आहे का, याचाही विचार करा. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम असा प्रवास करीत गोदावरी आपल्या जिल्ह्यातून जाते आणि शेवटी बंगालच्या उपसागरास मिळते. आपण तिच्यात टाकलेली प्लास्टिकची पिशवी, बांध फुटून गेलेली शेताची माती, सगळे त्याच वाटेने निघते. पोवळ्याच्या पिलाला बसण्यास स्वच्छ खडक लागतो. खडकावर गाळ बसला तर ते रुजत नाही. नदीचे देणेघेणे समुद्राशी आहे, म्हणून आपलेही आहे.

त्या मुलीचे अब्बा आज या सभागृहात बसले आहेत. मी नाव घेणार नाही. त्यांनी अजून मला उत्तर दिलेले नाही, आणि मी घाईही करणार नाही. एवढेच सांगतो, की आठवीत असताना ज्या मुलीने शिक्षकाला खोटे पाडले आणि दादीला खरे ठरवले, तिच्या प्रश्नाला पुढे वाट मिळाली पाहिजे. आपणा प्रत्येकाच्या घरात असे एखादे मूल आहे. ते प्रश्न विचारील तेव्हा "गप्प बस" म्हणू नका. उत्तर माहीत नसेल तर माझ्यासारखे चुकीचेही सांगू नका. "चल, शोधू" म्हणा.