जेलीफिशचा हिरवा उजेड
(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभातील भाषणाचा मजकूर)



मुलाने विज्ञानात पुढे शिकायचे म्हटले की घरात पहिला प्रश्न येतो, "याचा उपयोग काय? कमाई कधी सुरू होणार?" प्रश्न चुकीचा नाही. संसाराचा गाडा ओढणाऱ्याला तो विचारावाच लागतो. पण काही इल्म असे असते की त्याचे उत्तर लगेच मिळत नाही. त्याचीच एक खरी हकिकत आज सांगणार आहे.

सन 1945 मध्ये नागासाकीवर अणुबॉम्ब पडला, तेव्हा ओसामू शिमोमुरा हा सोळा वर्षांचा मुलगा काही मैलांवरच्या इसाहाया येथे कारखान्यात काम करीत होता. त्या लखलखाटाने त्याचे डोळे काही क्षण दिपून गेले. युद्धानंतर शिक्षणाचे मार्ग खुंटले. नागासाकीचे उद्ध्वस्त झालेले औषधनिर्माण महाविद्यालय त्याच्या घराजवळ हलविण्यात आले, म्हणून विषयाची आवड नसतानाही त्याने तेथे प्रवेश घेतला. जे दार उघडे होते, त्यातून तो आत गेला.

पुढे हेच शिमोमुरा अमेरिकेत गेले. 1961 च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन राज्यातील फ्रायडे हार्बर येथे त्यांनी, त्यांच्या पत्नीने आणि सहकाऱ्यांनी सुमारे 10,000 जेलीफिश समुद्रातून गोळा केले. आपल्या कोकण किनाऱ्यावरही जेलीफिश वाहून येतात. पण फ्रायडे हार्बरच्या या जातीची कडा हिरवी चमकते. ती का चमकते, एवढाच त्यांचा प्रश्न होता. एके दिवशी फसलेल्या प्रयोगाचा अर्क त्यांनी बेसिनमध्ये ओतला आणि तेथे निळा प्रकाश चमकला. बेसिनमध्ये समुद्राचे पाणी होते, आणि त्यातील कॅल्शियममुळे ते प्रथिन उजळले होते. या शोधाबरोबर आणखी एक प्रथिन हाती लागले. ते निळा उजेड घेऊन हिरवा उजेड देत होते. 1962 च्या निबंधात त्याची नोंद झाली. पुढची तीस वर्षे या हिरव्या प्रथिनाला बाजारात कोणी विचारले नाही.

1992 मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्या प्रथिनाचे जनुक, म्हणजे ते तयार करण्याची पेशीतील सूचना, वेगळी करून दाखविली. 1994 मध्ये मार्टिन चाल्फी यांनी ते जनुक एक मिलिमीटर लांबीच्या पारदर्शक कृमीत घातले, आणि जिवंत कृमीच्या स्पर्शाच्या चेतापेशी हिरव्या दिसू लागल्या. रॉजर त्सीन यांनी प्रथिनात बदल करून ते अधिक तेजस्वी केले आणि निळ्या, पिवळ्या छटा मिळविल्या. 1999 मध्ये रशियन संशोधकांनी पोवळ्यांच्या कुळातील प्राण्यापासून लाल प्रथिन मिळविले.

याचा उपयोग कोणता? पूर्वी पेशीच्या आतले पाहायचे तर बहुधा ती मारून रंगवावी लागे. आता हव्या त्या प्रथिनाच्या जनुकाला हे हिरवे जनुक जोडतात. पेशी स्वतःच तो कंदील तयार करते. वर निळा उजेड टाकला की ते प्रथिन कोठे आहे, कोठे चालले आहे, हे सूक्ष्मदर्शकातून दिसते. पेशी मात्र जिवंतच राहते. कर्करोगाच्या पेशी कशा पसरतात, डासाने सोडलेला मलेरियाचा जंतू शरीरात कसा फिरतो, हे प्रयोगशाळेतील उंदरांत अशा रीतीने पाहता आले. 2008 चे रसायनशास्त्राचे नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सीन या तिघांना मिळाले.

मग प्रॅशर कोठे होते? त्यांच्या संशोधनाचे अनुदान थांबले होते. काम सोडताना त्यांनी ते जनुक कुलपात ठेवले नाही; चाल्फी आणि त्सीन या दोघांनाही देऊन टाकले. नोबेल जाहीर झाले त्या वेळी ते अमेरिकेतील हंट्सव्हिल येथे मोटार विक्रेत्याकडे ग्राहकांची गाडी चालवीत होते. चाल्फी आणि त्सीन यांनी स्वखर्चाने त्यांना समारंभास स्टॉकहोमला नेले. पुढे काही वर्षे त्यांनी त्सीन यांच्याच प्रयोगशाळेत काम केले.

मित्रहो, या हकिकतीत दोन धडे आहेत. विद्यार्थ्यांनो, मनाजोगा प्रवेश मिळाला नाही म्हणून शिक्षण सोडू नका. आणि मिळालेले ज्ञान अमानत समजून पुढच्याला द्या.

पालकांनो, दुसरा धडा आपल्यासाठी आहे. बुद्धी असूनही पैशाअभावी माणूस प्रयोगशाळेबाहेर जातो. अमेरिकेत हे घडले, मग आपल्या मोहल्ल्यात किती घडत असेल? आपल्या जलशांतून आपण इब्न अल्-हैसमचे नाव अभिमानाने घेतो. प्रकाशाचा अभ्यास करणारा तो माणूस प्रयोग करून पाहणारा होता. त्याचे नाव घ्यायचे, आणि प्रयोग करू पाहणाऱ्या आपल्या मुलीला बारावीनंतर घरी बसवायचे, हे शोभत नाही.

लग्नाच्या एका जेवणात जाणारा पैसा जरा आवरला तर एखाद्या मुलाचे वर्षभराचे शुल्क निघेल. तो पैसा संस्थेच्या शिष्यवृत्ती निधीत द्या. फळ केव्हा येईल, हे आज सांगता येणार नाही. शिमोमुरांनाही ते सांगता आले नसते. अल्लाह आपल्या मुलांना इल्म आणि आपल्याला सब्र देवो.

खुदा हाफिज.