मार आणि आबाळ

मुलाला मारलेलं दिसतं, आबाळ दिसत नाही. बरेचदा दोन्ही एकाच घरात असतात.

पुण्याजवळ भोसरी, चाकण, म्हाळुंगेच्या कारखान्यांभोवती भाड्याच्या खोल्यांत मराठवाड्यातून, बिहारमधून आलेली कुटुंबं राहतात. आजी, आत्या गावाकडेच. नाइट शिफ्ट करून आलेल्या बापाला दिवसा झोपायचं असतं. मूल रडलं की हात उठतो. आईही कामाला गेली तर धाकट्याला सांभाळायला आठ वर्षांची ताई. कंत्राट संपलं की उधारी वाढते. पण गरिबी म्हणजे छळ, असं मुळीच नाही. दारू, नवऱ्याची बायकोला मारहाण, आईचं खोल नैराश्य, आईबापांनी लहानपणी स्वतः खाल्लेला मार यांची त्यात भर पडली की धोका वाढतो. आणि हे सगळं बंगल्यातही घडतं.

केंद्र सरकारच्या २००७च्या अभ्यासात, घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना आईवडिलांनीच मारलेलं आढळलं. बाल न्याय कायदा, २०१५च्या कलम ७५नुसार मारहाण आणि जाणूनबुजून केलेली हेळसांड, दोन्ही गुन्हे आहेत.

शेजारचं मूल सतत उपाशी, शाळेबाहेर किंवा अंगावर वळ घेऊन दिसलं तर १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो.