पॉइंटांचं गणित
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मघाशी सरांनी विचारलं, "हल्ली काय करतोस?" सर, गणितच करतो! तीन वर्षांपूर्वी आई-बाबा आणि आम्ही चौघं मुंबईहून दिल्लीला विमानानं गेलो. तिकिटं क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर काढली होती.

अगदी फुकट मात्र काही नव्हतं. कर आणि शुल्क खिशातूनच भरलं. त्याआधी एक चूकही झाली. दिवाळीसाठी मी घाईनं पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवले आणि मग पाहिलं, तर पॉइंटांवरच्या जागा संपलेल्या! वळवलेले पॉइंट परत कार्डावर आले नाहीत. बाबांनी भरलेली बॅग रिकामी केली. तेव्हापासून नियम केला : आधी सहा जागा बघायच्या, मगच पॉइंट वळवायचे.

दुसरा नियम त्याहून मोठा. बिल दर महिन्याला पूर्ण भरायचं. नुसती 'किमान रक्कम' भरली, तर उरलेल्या बाकीवर महिना तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज बसतं. पॉइंटांतून सुटतात खर्चाचे एक-दोन टक्के. सरांनी चक्रवाढ व्याज घोटून घेतलं, म्हणून मी वाचलो.

बाबा आता नाहीत. त्या दिवशी ते खिडकीतून दिल्ली येईपर्यंत ढग बघत होते. एकदाच बसले विमानात, पण बसले. म्हणून सांगतो, पॉइंट नुसते साठवत राहू नका. त्यांना मुदत असते. घरच्यांना घेऊन जाऊन या.