बैठी दिनचर्या आणि शिक्षकांचे हृदयारोग्य

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त शिक्षकवृंदासमोर दिलेले व्याख्यान)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा घेताना इमारती, निकाल आणि दानशूर दात्यांचा उल्लेख होणे स्वाभाविक आहे. परंतु ही वाटचाल ज्यांच्या बळावर झाली, त्या शिक्षकांच्या प्रकृतीचा विचार क्वचितच होतो. आज त्याविषयी चार गोष्टी मांडावयाच्या आहेत.

व्यायामाचा विषय निघाला की शिक्षक बहुधा म्हणतात, "दिवसभर वर्गात उभेच असतो, आणखी वेगळा व्यायाम कशाला?" हा समज प्रामाणिक असला तरी अपुरा आहे. फळ्यासमोर एका जागी उभे राहिल्याने पाय दुखतात, पायांच्या शिरा फुगतात. हृदयाला मात्र व्यायाम घडत नाही. शिवाय वर्गाबाहेरचे काम बैठेच असते. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, प्रगतिपुस्तके, संगणकावर माहिती भरणे, येणे-जाणे दुचाकीवर आणि रात्री दूरचित्रवाणी किंवा मोबाईल. जागेपणाचे बरेचसे तास असे बसण्यातच सरतात.

या विषयाचा पहिला मोठा अभ्यास डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. लंडनच्या दुमजली बसगाड्यांचे चालक दिवसभर बसून असत, तर वाहक सतत जिना चढत-उतरत. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. याचे कारण समजण्यासारखे आहे. आपण चालतो तेव्हा पायांचे मोठे स्नायू रक्तातील साखर व चरबी वापरतात. तासन्‌तास बसल्यावर हे कार्य मंदावते आणि कालांतराने साखर, रक्तदाब व पोटाचा घेर वाढून हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर त्याचा परिणाम होतो.

आपल्या बाबतीत धोका अधिक आहे. 'इंटरहार्ट' या ५२ देशांतील अभ्यासाच्या आधारे २००७ साली असे दिसून आले, की दक्षिण आशियातील रुग्णांपैकी निम्म्यांना पहिला हृदयविकाराचा झटका वयाच्या ५३ व्या वर्षापर्यंतच आला होता. इतर देशांत हेच वय सुमारे ५९ होते. आपल्याकडे माध्यमिक शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. म्हणजे हे संकट निवृत्तीची वाट पाहत नाही. मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते चालू असतानाच ते दाराशी येते.

"आम्ही शाकाहारी आहोत, निर्व्यसनी आहोत," असा दिलासा आपल्या समाजात अनेकजण मानतात. हे दोन्ही गुण हितकारकच आहेत. परंतु फरसाण, पापड, लोणची, तळण आणि मिठाई हेही शाकाहारीच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा मीठ पुरेसे आहे.

मग करावे काय? याच संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला आहे. रोज अर्धा तास भरभर चाललो तरी ही अट पूर्ण होते. पण सकाळी चालून आल्यावर उरलेला दिवस बसून काढणे योग्य नव्हे. दहा उत्तरपत्रिका तपासून झाल्या की उठून व्हरांड्यात एक फेरी मारावी. पर्यवेक्षण फिरत करावे. चाळिशीनंतर रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल यांची तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी. पोटाचा घेर पुरुषांनी ९० व स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा. ज्यांना आधीच विकार आहे त्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच व्यायाम सुरू करावा.

एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगतो. छातीत दाब किंवा जळजळ, हाताकडे वा जबड्याकडे जाणारी वेदना, दम लागणे, दरदरून घाम, अकारण थकवा यांपैकी काही जाणवल्यास "पित्त असेल, परीक्षा संपल्यावर दाखवू" असे म्हणू नये. विशेषतः भगिनींमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. अशा वेळी स्वतः दुचाकी चालवत न जाता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पेपर उद्याही तपासता येतात. हृदयाचा बंद पडत चाललेला स्नायू तास-दोन तासांपलीकडे थांबत नाही.

विश्वस्तांनाही एक नम्र विनंती आहे. सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून शिक्षकांची वार्षिक आरोग्य तपासणी सुरू करावी, शाळेचे मैदान सकाळ-संध्याकाळ त्यांना खुले ठेवावे आणि सलग बैठे काम त्यांच्यावर पडणार नाही असे वेळापत्रक आखावे. यासाठी फार मोठा निधी लागत नाही.

संस्थेच्या हीरक महोत्सवाला आज येथे बसलेले सर्व शिक्षक निरोगी व हिंडते-फिरते उपस्थित असावेत, ही शुभेच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!